काउंटीचा वसंतऋतू

वसंत म्हटला की आपल्यापुढे आंब्याचा मोहर, पळसाची फुले आणि सायंकाळच्या व्याख्यानांना जमणारी मंडळी उभी राहतात. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात वसंताचे रूप अगदीच निराळे असते. तेथे मार्च महिना उजाडला तरी शेतांवर बर्फ असते. ते वितळू लागले की प्रथम फूल दिसत नाही. दिसतो तो चिखल. रस्ते भिजतात, ओढे फुगतात, आणि ज्याला तेथे काउंटी म्हणतात त्या स्थानिक शासनाच्या कचेरीत वर्षातील मोठ्या धावपळीचा काळ सुरू होतो. या काळात काउंटी आपल्या रहिवाशांना काय सेवा देते आणि त्यांच्याकडून काय अपेक्षिते, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करता येईल, पण ती पुरती जुळणार नाही. ही संस्था इंग्लंडातून अमेरिकेत गेली. इंग्लंडातील जुना विभाग ‘शायर’. त्याचा राजनियुक्त कारभारी तो ‘शायर-रीव्ह’, आणि त्याचाच पुढे ‘शेरिफ’ झाला. आज अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. त्यांच्या आकारात विलक्षण तफावत आहे. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या घरात होती, तर टेक्ससमधील लव्हिंग काउंटीत अवघी ६४ माणसे होती. मिनेसोटात अशा ८७ काउंट्या आहेत. रस्ते व पूल, जमिनीच्या नोंदी, मालमत्तेचे मूल्यांकन, निवडणुका, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य आणि निराधारांचे साहाय्य ही त्यांची मुख्य कामे होत.

आपला जिल्हाधिकारी राज्य शासन नेमते. तेथे काउंटीचे मंडळ लोकांनी निवडलेले असते. इतकेच नव्हे, तर पोलिसांचा प्रमुख शेरिफ आणि काउंटीचा सरकारी वकील यांनाही लोकच मते देऊन निवडतात. काउंटीच्या खाली ग्रामीण भागात ‘टाउनशिप’ असतात. मिनेसोटात मार्च महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी या टाउनशिपांच्या वार्षिक सभा भरतात. तेथे जमलेले मतदार स्वतः हात वर करून पुढील वर्षी किती कर उभारावयाचा ते ठरवितात. आपल्या ग्रामसभेची आठवण करून देणारी ही प्रथा आहे.

आता वसंतात रहिवाशांच्या हाती पडणाऱ्या तीन सूचनांकडे वळू. त्यांतील पहिली घराच्या किमतीची, दुसरी रस्त्याची आणि तिसरी नदीची.

पहिली सूचना टपालाने येते. प्रत्येक वर्षाच्या २ जानेवारी रोजी मालमत्तेची बाजारभावाने काय किंमत होती हे काउंटीचा मूल्यांकन अधिकारी ठरवितो आणि वसंताच्या आरंभी मालकाला कळवितो. या कागदावर कराची रक्कम नसते, म्हणून पुष्कळजण तो बाजूला ठेवून देतात. कर भरावयाचा असतो तो पुढील वर्षी. त्या वेळी बिल पाहून माणूस चिडतो आणि कचेरीत जातो. तोवर किमतीवर सहजपणे हरकत घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घराची किंमत वाढली म्हणजे कर तितकाच वाढला, असे नाही. काउंटी, शहर व शाळा आपापल्या खर्चासाठी किती रक्कम करातून उभारावयाची ते ठरवितात, आणि ती रक्कम मालमत्तांवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. एखाद्या वाड्यातील बिऱ्हाडांनी विहिरीचा गाळ काढावयाचे ठरविले आणि खर्च खोल्यांच्या संख्येप्रमाणे वाटून घेतला, तर जसे होईल तसेच हे आहे. सर्वांच्याच खोल्या दुप्पट मोजल्या, तर कोणाची वर्गणी बदलणार नाही. मात्र एकाच्या खोल्या चुकून जास्त मोजल्या, तर त्याच्यावर अन्याय होईल. आणि कमी मोजल्या, तर त्याचा भार शेजाऱ्यांवर पडेल. म्हणून मूल्यांकनाची अचूकता हा केवळ मालक आणि सरकार यांच्यातील प्रश्न नाही. तो शेजाऱ्याशेजाऱ्यांतील न्यायाचाही प्रश्न आहे.

हरकतीची वाट सोपी ठेवलेली आहे. प्रथम मूल्यांकन अधिकाऱ्याला दूरध्वनी करावा. नोंदीतील साधी चूक बहुधा तेथेच दुरुस्त होते. समाधान न झाल्यास एप्रिल-मे महिन्यांत भरणाऱ्या स्थानिक अपील मंडळापुढे जावे, त्यानंतर जूनमध्ये काउंटीच्या मंडळापुढे. त्याहीपुढे राज्याचे कर न्यायालय आहे. ही मंडळे केवळ नावाची राहू नयेत म्हणून कायद्याने अट घातली आहे की, स्थानिक मंडळाच्या बैठकीस या कामाचे शिक्षण घेतलेला निदान एक सभासद हजर असलाच पाहिजे. मंडळापुढे जाताना ‘कर फार झाला’ अशी तक्रार उपयोगाची नसते. आपल्यासारखी घरे अलीकडे काय किमतीला विकली गेली, आपल्या छपराची वा पायाची अवस्था काय आहे, याचे पुरावे न्यावे लागतात.

मिनेसोटात आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, स्वतःच्या घरात राहतात. त्यांतील काहींना तेथील नागरिकत्व मिळालेले नसल्याने मताचा अधिकार नाही. परंतु मूल्यांकनावर हरकत घेण्यास नागरिकत्व लागत नाही. मालक असणे पुरते. स्थानिक शासनाचे हे दार मतदार नसलेल्यालाही उघडे आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी सूचना रस्त्याच्या कडेला उभी असते. ती पाटीवर लिहिलेली असते: एका आसावर अमुक टनांहून अधिक भार नको. कडाक्याच्या थंडीत रस्त्याखालची माती कित्येक फूट खोल गोठते आणि दगडासारखी कठीण होते. वसंतात ती वरून खाली वितळत येते. वरच्या थरातील पाणी मोकळे होते, पण खालचा थर अद्याप गोठलेला असल्याने त्याला झिरपून जाण्यास वाट मिळत नाही. अशा वेळी डांबराखालची माती भिजलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी होते. त्यावरून जड मालमोटार गेली की रस्ता दबतो आणि भेगाळतो. हिवाळ्यात जो रस्ता निर्धास्तपणे भार वाहतो, तोच या आठवड्यांत काही फेऱ्यांत खचू शकतो.

म्हणून दर वसंतात भाराची मर्यादा उतरविली जाते. बंधन केव्हा घालावयाचे हे राज्याचे वाहतूक खाते हवामानावरून ठरविते. रोजच्या तपमानाची बेरीज करीत जाऊन माती किती वितळली असेल याचा हिशेब केला जातो. दुसरी मर्यादा लिहिलेली नसेल, तर काउंटीच्या व टाउनशिपच्या खडीच्या रस्त्यांवर या काळात आसामागे ५ टनांहून अधिक भार चालत नाही. याचा त्रास शेतकऱ्यांना आणि मालवाहतूकदारांना होतो हे उघड आहे. ट्रक अर्धा भरून दोन खेपा कराव्या लागतात, किंवा खत व बियाणे आधीच आणून ठेवावे लागते. पण हा त्रास काही आठवड्यांचा असतो. तो टाळला, तर फुटलेल्या रस्त्याचा खर्च वर सांगितलेल्या त्याच करातून, म्हणजे सर्वांच्या खिशातून, भरून काढावा लागतो.

तिसरी सूचना सर्वांत गंभीर, कारण तिच्यावर घरेदारे अवलंबून असतात. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा यांच्या सीमेवरून रेड नदी वाहते. ती उत्तरेकडे वाहते, आणि तिच्या पुरांचे एक मोठे कारण यातच आहे. दक्षिणेकडील उगमाकडचे बर्फ आधी वितळते. ते पाणी उत्तरेकडे येते तेव्हा तिकडचे पात्र अजून गोठलेले असते. त्यातून हे खोरे म्हणजे एका प्राचीन, आटून गेलेल्या विशाल सरोवराचा तळ, तळहातासारखा सपाट. पाणी चढले की मैलोगणती पसरते.

१९९७ च्या हिवाळ्यात या खोऱ्यात हिमवादळांमागून हिमवादळे झाली. ग्रँड फोर्क्स या शहरापाशी नदी ४९ फुटांपर्यंत चढेल, असा अंदाज राष्ट्रीय हवामान सेवेने वर्तविला. लोकांनी तो आकडा मनात धरला, वर काही फुटांची सूट ठेवून बांध उंचावले, रात्रंदिवस वाळूची पोती भरली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बांध फुटले, आणि पाणी अखेर ५४.३५ फुटांवर जाऊन थांबले. सुमारे ५० हजारांच्या वस्तीच्या शहरातील बहुतेक लोकांना घरे सोडावी लागली. पलीकडच्या तीरावरील ईस्ट ग्रँड फोर्क्स हे गाव तर सगळेच रिकामे करावे लागले. पाण्याने वेढलेल्या बाजारपेठेत आग लागली आणि ११ इमारती जळून गेल्या.

लोकांनी सूचना ऐकली नाही, असे येथे म्हणता येत नाही. त्यांनी ती तंतोतंत ऐकली. उणीव होती ती सूचनेतच. नदीच्या अंदाजात कित्येक फुटांची चूक संभवते हे जाणकारांना माहीत होते. लोकांपर्यंत मात्र ४९ हा एकच आकडा पोहोचला, आणि तो एखाद्या वचनासारखा भासला. पुढे हवामान सेवेने आपली रीत बदलली. वसंतातील पुराचा अंदाज आता शक्यतेच्या भाषेत सांगितला जातो: पाणी इतके चढण्याची शक्यता शेकडा इतकी, त्याहून वर जाण्याची इतकी.

बारा वर्षांनी, २००९ च्या मार्चमध्ये, याच नदीच्या काठी दक्षिणेकडे वसलेल्या फार्गो आणि मूरहेड या जोडशहरांवर तशीच वेळ आली. या वेळी पाणी ४१ ते ४३ फुटांपर्यंत चढेल असे सांगण्यात आले होते, आणि लोकांनी वरचा आकडा धरून तयारी केली. विद्यार्थी, गृहिणी, वृद्ध असे हजारो लोक लक्षावधी पोती भरीत होते. २८ मार्च रोजी फार्गोपाशी पाणी ४०.८४ फुटांवर पोहोचले. तोवरच्या नोंदींतील तो उच्चांक होता. काही घरे बुडाली, पण शहरे वाचली. सूचना प्रामाणिक असली आणि तिच्यातील अनिश्चितताही उघड सांगितली, तर लोक गोंधळून जातात असे नाही. ते अधिक शहाणपणाने वागतात, हेच येथे दिसून आले.

या तिन्ही सूचनांमध्ये एक समान धागा आहे. स्थानिक शासनाची सेवा म्हणजे केवळ नळ, दिवे आणि रस्ते नव्हेत. वेळेवर, समजेल अशा भाषेत आणि काहीही न लपविता दिलेली माहिती हीदेखील सेवाच आहे. पण ती अर्धी सेवा होय. उरलेला अर्धा भाग नागरिकाने पुरा करावयाचा असतो. न उघडलेले पाकीट, न वाचलेली पाटी आणि ओस पडलेली अपिलाची बैठक यांपुढे चांगला कायदाही पांगळा ठरतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागविण्याची तरतूद आहे. ग्रामसभेला अंदाजपत्रक विचारण्याचा हक्क आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा जिल्ह्याचा कारभार लोकांच्या हाती यावा हाच हेतू होता. तरीही २०२२ साली मुदत संपल्यावर अनेक जिल्हा परिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांनी पाहिला, आणि त्याची खंत गावागावांतून जितकी ऐकू यावयास हवी होती तितकी आली नाही. त्या काळात आपल्यापैकी किती जणांनी याविषयी कोठे एक पत्र लिहिले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मिनेसोटातील रहिवासी आपल्याहून थोर आहेत असे सुचविण्याचा हेतू नाही. तेथेही नोटिशी केराच्या टोपलीत जातात आणि टाउनशिपच्या सभेला मोजकी माणसे येतात. फरक पडतो तो त्या मोजक्या माणसांमुळे. तेव्हा पुढच्या वेळी नगरपालिकेचा कागद दाराच्या फटीतून आत पडेल, तेव्हा तो बाजूला ठेवण्यापूर्वी त्यावरील हरकतीची तारीख तेवढी पाहून ठेवावी, आणि त्या तारखेच्या आत कचेरीची पायरी चढावी.