घाटातली रांग

आमच्या लहानपणी गावात फटफटी आली की पोरे मागे धावत सुटायची. आता तसे राहिले नाही. दूध घालायला मोटारसायकल, बाजाराला मोटारसायकल, पाहुण्यांकडे जायलाही तीच. एकट्याने चालवणे पुष्कळांना येते. पण पाच-सहा जणांनी मिळून घाटरस्त्याने जायचे, ही गोष्ट निराळी आहे. ती कशी निराळी, ते मला साठी उलटल्यावर कळले. कळले तेव्हा पोटात गोळा आला होता.

२०२२ सालच्या डिसेंबरची हकीकत. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला. गावातल्या मित्रमंडळींनी गुहागरला जायचे ठरवले. गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्रकाठी. वाटेत कोयनानगर लागते, मग कुंभार्ली घाट, मग चिपळूण. आमच्या गवंड्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्यासाठी ही सगळी खटपट.

गाड्या पाच होत्या. पुढे दूधवाला. त्याची बहीण चिपळूणला दिलेली, त्यामुळे घाट त्याच्या पायाखालचा. त्याच्या मागे गवंडी. मग दुकानदार. चौथ्या गाडीवर सुतार, आणि त्याच्या मागे मी. हे चौघेही माझ्या हाताखाली शिकलेले. आता चाळिशीला आले आहेत. "गुरुजी, तुम्ही चलाच," म्हणाले, आणि मी निघालो. सगळ्यांत शेवटी सुताराचा पुतण्या. वय वीस. लायसन मिळून तीनच महिने झालेले.

हेल्मेट सगळ्यांना होते, मलाही. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच, असा १९८८ च्या कायद्याचा नियम आहे. मला ते घमेले डोक्यावर घेतल्यासारखे वाटत होते, पण काढले नाही.

घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर माझी फजिती झाली. वळण आले की गाडी त्या अंगाला कलते. मला वाटले, पडतो आता! म्हणून मी उलट्या बाजूला अंग टाकले. गाडी डुलली. सुतार ओरडला, "गुरुजी, असं करू नका! माझ्या खांद्यावरून वळणाकडं बघा, आणि माझ्याबरोबर कला."

आता गाडी कलते का, ते ऐका. भरधाव बैलगाडी एकदम वळवली तर भरलेली पोती बाहेरच्या बाजूला सरकतात. वळताना प्रत्येक वस्तू सरळ जायला बघते. मोटारसायकलही बघते. तिला आत कलवली, म्हणजे तोल राहतो. वेग दुप्पट केला तर ही बाहेरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. सरळ रस्त्यावर हे ध्यानात येत नाही. वळणावर येते, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि ही सगळी ओढ धरून कोण ठेवते? दोन टायर. एक टायर रस्त्याला किती टेकतो, ते वाकून बघा. तुमच्या तळहाताएवढाही नाही. तेवढ्याच जागेची पकड वळायलाही लागते आणि ब्रेकलाही लागते. एकच भाकरी, खाणारे दोघे. वळणात जोराने ब्रेक दाबला तर ब्रेकच सारी भाकरी खातो, वळायला काही उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. रस्त्यावर बारीक खडी, शेण किंवा सांडलेले डिझेल असेल, तर भाकरी मुळातच चतकोर!

निम्मा घाट उतरून झाला होता. आमची गाडी एका वळणाखाली आली. समोरून एक एस.टी. आली आणि आमच्याजवळून वर गेली. लगेच वरून हॉर्नचा मोठा आवाज झाला. मी मान वळवून वर पाहिले. घाटात खालच्या वळणावरून वरचा रस्ता दिसतो. पुतण्या डावे वळण घेत होता. वेग जास्त होता. त्याने घाबरून वळणातच ब्रेक दाबला. गाडी वळायची सोडून सरळ उभी झाली आणि रस्त्याचा मध्य ओलांडून उजवीकडे, एस.टी.च्या तोंडासमोर गेली.

एस.टी.चा ड्रायव्हर जाणता माणूस. वळण आंधळे म्हणून तो सावकाशच चढत होता. त्याने गाडी जागच्या जागी उभी केली. पुतण्या दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर खिडकीतून एवढेच म्हणाला, "पोरा, पुढं कोण पळून चाललंय का?"

मी तेवढ्यात काय काय मनात आणले, ते लिहीत नाही. त्याच्या आईने निघताना मला पाणी दिले होते.

पोफळीला, घाटाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. सुतार पुतण्यावर हात उगारून गेला. मी त्याला धरले. मग पुतण्याला विचारले, "अरे, किती वेग होता?"

तो रडवेला होऊन म्हणाला, "मधनंमधनं पंचावन्न, गुरुजी. तुम्ही लोक दिसंनासं झाला. मागं पडलो तर रस्ता चुकंल म्हणून पळवली."

दूधवाला म्हणाला, "मी तर चाळिसाच्या वर गेलोच नाही!"

दोघेही खरे बोलत होते. आणि तिथेच मला माझी शाळा आठवली.

शाळेची सहल निघाली की मुलांची रांग असते. पुढचा मुलगा रमतगमत चालतो आणि शेवटची मुले धापा टाकत पळतात. कशामुळे? वाटेत ओढा आला. पुढचा मुलगा थांबून, दगडांवर पाय देऊन पलीकडे गेला आणि चालू लागला. दुसरा तोवर दगडांवर. शेवटचा अजून अलीकडे. पुढचा काही घाई करत नाही, पण शेवटचा दगड ओलांडीपर्यंत पुढचा लांब गेलेला असतो. मग शेवटच्याला पळावे लागते. पुढे पुन्हा ओढा, पुन्हा तेच.

घाटातले प्रत्येक वळण म्हणजे ओढा. दूधवाला वळणातून बाहेर पडला की रेस वाढवायचा. पुतण्या तेव्हा वळणाच्या आतसुद्धा आलेला नसे. अंतर वाढत गेले. सगळ्यांत कच्चा गडी सगळ्यांत मागे, म्हणजे सगळ्यांत जास्त वेग त्याच्याच वाट्याला! चूक त्याची थोडी होती, रांग लावणाऱ्यांची जास्त. शाळेत मी लहान मुलांना नेहमी पुढे ठेवत असे. इथे मला ते सुचले नाही.

मग तिथेच रांग बदलली. दूधवाल्याच्या मागे लगेच पुतण्या. सगळ्यांत शेवटी सुतार, कारण त्याचा हात पक्का. आणि एक करार केला. रस्ता फुटतो तिथे प्रत्येकाने थांबायचे. मागचा आरशात दिसला, त्याने आपल्याला पाहिले, की मगच वळायचे. असे केले तर कुणीच चुकत नाही, मग कुणाला पळायचे कारणच उरत नाही. पुतण्याला हे पटकन पटले. दुकानदाराला पटायला वेळ लागला. त्याला मागे राहणे म्हणजे कमीपणा वाटतो.

दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचे, तेही ठरवले. ताशी चाळीस किलोमीटरने गाडी एका सेकंदात अकरा मीटर, म्हणजे चोवीस हात जाते. माणसाला दिसते, मग सुचते, मग हात ब्रेकवर जातो. एवढ्यात एखादा सेकंद जातोच. म्हणून पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" असे मोजायचे. मोजून होण्याआधी आपण त्या झाडाशी पोचलो, तर जवळ आलो आहोत.

उताराचे एक राहिले. पेट्रोल वाचवायला दुकानदार न्यूट्रलमध्ये गाडी सोडत होता. ते बंद केले. ज्या गिअरमध्ये चढायचे, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचे. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. नुसत्या ब्रेकवर उतरलो तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी कमी लागतात. आणि अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, असा रस्त्याचा नियमच आहे.

गुहागरला पोचायला ठरल्यापेक्षा दीड तास उशीर झाला. गवंडी चपला हातात घेऊन वाळूत किती तरी वेळ उभा होता. मग म्हणाला, "गुरुजी, याला पलीकडचा काठच नाही की!"

परतताना घाट चढणीचा. ते वळण आले तेव्हा दूधवाल्याने हॉर्न वाजवला आणि वेग अगदी कमी केला. पुतण्यानेही केला. घाटमाथ्यावर पाचही गाड्या एकापाठोपाठ आल्या. चहा मागवला. पैसे दुकानदाराने दिले.