व्हिसा लागत नाही, म्हणून...

'भूतानला जायला व्हिसा लागत नाही.' प्रवासाच्या जाहिरातीत, लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर, जिथे जिथे भूतानचा विषय निघतो तिथे पहिले वाक्य हेच असते. दुसरे वाक्य, 'तिथे आपला रुपया चालतो.' तिसरे, 'हिंदी समजते.' ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण ती एकापाठोपाठ एक आली की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत चौथे वाक्य तयार होते, आणि ते मात्र साफ खोटे असते : 'म्हणजे ते आपलेच आहे.' भूतानमध्ये भारतीय पर्यटकांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक या चौथ्या वाक्याच्या पोटी जन्मलेल्या असतात.

आपला माणूस स्वित्झर्लंडला किंवा जपानला जातो तेव्हा कसा वागतो ते आठवून पाहा. तो रांग मोडत नाही, मोठ्याने बोलत नाही, चॉकलेटचा कागद खिशात जपून ठेवतो. परका मुलूख आहे याचे भान त्याला क्षणभरही सोडत नाही. तोच माणूस जयगावच्या गर्दीतून फुंटशोलिंगची रंगीत कमान ओलांडतो, तेव्हा ते भान कमानीपलीकडेच राहते. अज्ञानाला निदान विचारण्याची सवय असते. 'मला ठाऊक आहे' या समजुतीला ती नसते.

आधी आकाराचा हिशेब मांडू. भूतानचे क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण आठवा हिस्सा. २०१७ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली सव्वासात लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ मध्ये साडेनऊ लाख होती. आणि या देशात २०१९ साली तीन लाखांहून अधिक पर्यटक आले, त्यांत दोन लाखांहून अधिक भारतीय होते. म्हणजे घरात माणसे दहा, वर्षाकाठी पाहुणे चार, आणि त्यांतले तीन एकाच गावचे! अशा घरात पाहुण्यांची एखादी वाईट खोडसुद्धा लहान राहत नाही.

या घराने आपला दरवाजा फार उशिरा, आणि विचार करून उघडला. १९७४ मध्ये चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी परदेशी पर्यटकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला. थोडे पाहुणे यावेत, पण देशाला भार होऊ नयेत, हे धोरण तेव्हापासूनचे. इतर देशांच्या पर्यटकांकडून रोजचा ठरावीक आकार घेतला जाई. भारतीयांना मात्र वर्षानुवर्षे माफी होती. २०२० मध्ये कायदा झाला आणि भारतीयांनाही माणशी, दर रात्री १२०० रुपये शुल्क लागू झाले. चौघांचे कुटुंब पाच रात्री राहिले, तर चोवीस हजार रुपये. मुलांना वयाप्रमाणे सवलत असली तरी हा खर्च आधी धरून चालावा. तो न धरता सीमेवरच्या खिडकीशी 'आमच्याकडून पैसे कसले घेता?' म्हणून वाद घालणे, ही सफरीच्या सुरुवातीचीच चूक. इतर देशांच्या नागरिकांना २०२२ मध्ये हेच शुल्क दिवसाला २०० डॉलर होते आणि २०२३ मध्ये ते १०० डॉलरवर आणले गेले. म्हणजे आपल्याला मिळते आहे ती सवलतच आहे.

व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आपल्याकडे गॅस जोडणीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे चालणारे आधार कार्ड तिथे चालत नाही. ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे त्या कार्डाबरोबरच आपल्याला सांगितलेले असते. आपण वाचत नाही, इतकेच. लहान मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला जवळ ठेवावा. घड्याळ अर्धा तास पुढे करावे. पारोच्या विमानतळावर 'आमच्या घड्याळात तर अजून वेळ आहे' हे कारण कोणी ऐकून घेणार नाही.

आता पैशांचे. ज्याची नोकरीची वर्षे बँकेत नोटा मोजण्यात गेली, त्याला हा विषय टाळता येत नाही. भूतानचे चलन ङुल्ट्रम. ते १९७४ साली आले आणि त्याचा भाव भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेला आहे. थिम्फूचा दुकानदार आपला रुपया आनंदाने घेतो आणि सुटे पैसे ङुल्ट्रममध्ये देतो. ते परतण्यापूर्वी तिथेच खर्च करावेत किंवा बदलून घ्यावेत. सीमेलगतचा भाग सोडला, तर आपल्याकडे त्या नोटा कोणी घेत नाही. पाचशेच्या नोटांची जाडजूड पुडकी घेऊन निघणेही बरे नव्हे. मोठ्या नोटा बाहेर नेण्याबाबत आपल्याच रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, ते निघताना पाहून घ्यावेत. दोन चलनांचा भाव सारखा असला म्हणून ती दोन चलने एक होत नाहीत, हे बँकेतला नवा कारकूनही जाणतो. दोन देशांचेही तसेच आहे.

खरी गफलत होते ती देवळात. बुद्ध आपला, प्रदक्षिणा आपली, १०८ हा आकडा आपला, मणी ओढणे आपले. त्यामुळे इथले सगळे आपल्याला कळते, असे वाटू लागते. बौद्ध स्तूपाला तिकडे चोर्तेन म्हणतात. तो उजव्या हाताला ठेवून त्याला वळसा घालायचा, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण फोटोसाठी जागा शोधताना तेच आपण विसरतो. झोंग म्हणजे तट-बुरुजांची प्रचंड वास्तू. अर्ध्या भागात सरकारी कचेऱ्या, अर्ध्या भागात मठ. किल्ला म्हटले की आपण टोपी, अर्धी विजार आणि पाण्याची बाटली अशा थाटात शिरतो. पण झोंगमध्ये जाताना खुद्द भूतानी नागरिक अंगातल्या 'घो'वर खांद्यावरून 'काब्ने' नावाचे उपरणे घेतो. त्या उपरण्याच्या रंगावरून माणसाचा दर्जा कळतो. साध्या नागरिकाचे पांढरे, राजाचे आणि प्रधान धर्मगुरूंचे पिवळे. जिथे घरचा माणूस इतक्या रीतीने येतो, तिथे पाहुण्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि डोक्यावरची टोपी काढावी, ही अपेक्षा जास्त नाही. मंदिराच्या गाभाऱ्यात फोटो काढायचे नसतात. पारोच्या कड्यावरच्या तक्त्सांग मठात तर फोन आणि पिशव्या दाराशीच ठेवाव्या लागतात. १६९२ सालचा हा मठ १९९८ मध्ये आगीत जळाला आणि पुन्हा जसाच्या तसा उभारला गेला. अशा जागेचे रखवालदार थोडे कडक असायचेच.

डोंगरउतारावर उंच काठ्यांना लावलेल्या पांढऱ्या पताका दिसतात. त्या शोभेच्या नव्हेत. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या पुढच्या वाटचालीसाठी त्या उभारतात. त्यांच्यामध्ये नाचत चित्रफीत काढणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगितलेले नसते, आणि त्यांनी विचारलेलेही नसते. पुनाखाच्या खोऱ्यात चिमी ल्हाखांगच्या आसपास घरांच्या भिंतींवर लिंगचित्रे रंगवलेली असतात. सोळाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या द्रुक्पा कुन्ले या फटकळ, अवलिया सत्पुरुषाशी त्यांचा संबंध आहे. ती वाईट नजर टाळतात अशी श्रद्धा, आणि मूल व्हावे म्हणून जोडपी त्या देवळात नवस बोलायला येतात. तिथे आपल्या घोळक्यातून जो खिदळण्याचा आवाज उठतो, तो त्या जोडप्यांनाही ऐकू जातो. शिवलिंगावर रोज पाणी घालणाऱ्या समाजाने तरी इथे हसू नये.

आणि आता त्या फोटोविषयी. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोचुला खिंडीतल्या एका चोर्तेनवर चढून उभ्या राहिलेल्या भारतीय मोटरसायकलस्वाराचे छायाचित्र भूतानभर फिरले. तो महाराष्ट्रातला होता. पोलिसांनी चौकशी केली, त्याने लेखी माफी मागितली आणि प्रकरण मिटले. त्याचे नाव इथे सांगण्याची गरज नाही. असे फोटो काढणारा तो पहिला नव्हता आणि एकटाही नव्हता. पण तो कशावर उभा होता, हे मात्र सांगायला हवे.

दोचुलावर १०८ चोर्तेन आहेत. ढग उतरले की ती टेकडी स्वप्नासारखी दिसते, म्हणून प्रत्येक सहलीची गाडी तिथे थांबते. ते चोर्तेन प्राचीन नाहीत; राजमाता आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी ते २००४ मध्ये उभारले. त्यामागे आदल्या वर्षीची एक मोहीम आहे. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या सशस्त्र बंडखोर संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. ते भारतात घातपात करीत आणि भूतानच्या हद्दीत परतत. भूतानने त्यांच्याशी अनेक वर्षे बोलणी केली. ती फसली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये त्या चिमुकल्या फौजेने हे तळ उद्ध्वस्त केले. राजे स्वतः मोहिमेत उतरले होते. भूतानचे जे सैनिक त्यात मारले गेले, त्यांचे ते स्मारक. ज्या बंडखोरांचे भांडण भारताशी होते, त्यांच्याशी लढताना पडलेल्या माणसांच्या स्मारकावर आपला एक माणूस बूट घालून उभा राहिला! हे त्याला ठाऊक असते, तर तो चढला असता असे मला वाटत नाही. पण ठाऊक करून घ्यायला लागला असता अर्धा मिनिट. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचे होते.

आणखी एक गोष्ट. गांगखार पुएन्सुम हे ७,५७० मीटर उंचीचे भूतानमधले सर्वांत उंच शिखर. त्यावर आजवर कोणाही माणसाचे पाऊल पडलेले नाही. १९९४ मध्ये भूतानने सहा हजार मीटरांवरची शिखरे चढायला बंदी केली आणि २००३ मध्ये गिर्यारोहणच बंद केले, कारण शिखरे ही देवतांची वस्ती मानली जाते. शेजारच्या नेपाळला गिर्यारोहणातून किती पैसा मिळतो, हे दिसत असताना हा निर्णय घेतला आहे. जो देश स्वतःच्या डोंगरावरही चढत नाही, त्याला चोर्तेनवर चढलेला माणूस पाहून काय वाटले असेल?

बाकीच्या गोष्टी लहान, पण रोजच्या. थिम्फूमध्ये सिग्नलचे दिवे नाहीत. चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली उभा राहून पोलीस हातवारे करतो आणि गाड्या थांबतात. हॉर्न क्वचितच ऐकू येतो. तिथे कर्णा वाजवणारी गाडी कुठून आली, हे क्रमांकाची पाटी न पाहताही कळते. तंबाखूच्या विक्रीवर २००४ पासून बंदी होती. २०२१ मध्ये ती उठली, तरी सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढणे आजही गुन्हा आहे. राजघराण्याच्या तसबिरी घराघरांत देवासारख्या लावलेल्या असतात. त्यांच्यावर विनोद करू नयेत. जेवणाचे सांगायचे, तर आपल्या कित्येक सहलींबरोबर स्वयंपाकी जातो. वयस्क मंडळींसाठी ती सोय मोठीच आहे. पण सात दिवस पिठले-भाकरी खाऊन परत येणाऱ्याने एकदा तरी लाल भाताबरोबर एमा दात्शी चाखावी. मिरचीची, मसाला म्हणून नव्हे, तर भाजी म्हणून केलेली ही चीजची आमटी कोल्हापूरकरालाही घाम फोडते.

शेवटची चूक जरा वेगळी. ती उर्मटपणाची नाही, भाबडेपणाची आहे. 'सकल राष्ट्रीय आनंद' ही चौथ्या राजांची कल्पना आपण ऐकलेली असते आणि वाटाड्याला पहिल्याच दिवशी विचारतो, 'तुम्ही सगळे खरेच आनंदी आहात का?' तो बिचारा हसतो. भूतान हा देश आहे, देखावा नव्हे. तिथे दूरचित्रवाणी आणि इंटरनेट १९९९ मध्ये आले, लोकसभेची पहिली निवडणूक २००८ मध्ये झाली, त्याच वर्षीच्या राज्यघटनेने देशाचा ६० टक्के भाग कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले. या अभिमानाच्या गोष्टी. पण १९९० च्या आसपास नेपाळी भाषकांवर देश सोडण्याची वेळ आली, सुमारे एक लाख माणसे पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहिली आणि २००७ नंतर त्यांतली बहुसंख्य अमेरिकेत व अन्य देशांत वसली, हाही त्याच देशाचा इतिहास आहे. आज तिथली शिकलेली तरुण मुले ऑस्ट्रेलियाची वाट धरतात. आपल्या कोकणातल्या बंद घरांची कुलपे ज्याने पाहिली आहेत, त्याला या दुःखाची ओळख पटावी.

१९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा तिथे मोटारीचा रस्ता नव्हता. सिक्कीमहून चुंबी खोऱ्यातून डोंगरवाटांनी त्यांनी पारो गाठले. पुढे १९६१ पासून आपल्या सीमा रस्ते संघटनेने तिथे रस्ते बांधले, आपल्या मदतीने जलविद्युत प्रकल्प उभे राहिले, आणि त्यांची वीज आपण विकत घेतो. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे कलम होते. २००७ मध्ये दोन्ही देशांनी संमतीने ते बदलले. म्हणजे, भूतान हा स्वतःचे स्वतः ठरवणारा देश आहे, हे सरकारने कागदावर नीट मांडले. पर्यटकाच्या वागण्यात ते अजून उतरायचे आहे.

रायगड-राजगडाच्या दगडांवर बदाम कोरून नावे लिहिणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, आणि ते योग्यच आहे. तो दगड आपला असतो म्हणून आपल्याला लागते. मोठ्या देशातून लहान देशात जाताना एवढेच ध्यानात ठेवावे, की तिथला प्रत्येक दगड कोणाचा तरी आहे, आणि तो कोणाचा हे विचारले तर ती माणसे आपल्या भाषेत, हसतमुखाने सांगतात.