प्रोग्रॅमर शंका का घेतात?

'आता प्रोग्रॅम लिहायला माणूस नको' अशी बातमी आली की आधी नाक मुरडतात ते प्रोग्रॅमरच. पोटावर पाय येण्याची भीती त्यात असेलही, पण तेवढेच कारण नव्हे.

आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली म्हटले होते, की कोणतेही एकच नवे तंत्र दहा वर्षांत या कामाची उत्पादकता दहापट वाढवणार नाही. अडचणी दोन प्रकारच्या, आनुषंगिक आणि अंगभूत. साधने पहिल्याच कमी करतात.

शाळेच्या निकालाचा प्रोग्रॅम घेऊ. बेरीज-टक्केवारीच्या आज्ञा लिहिणे ही आनुषंगिक अडचण. २०२२ पासून आलेली चॅटजीपीटीसारखी साधने त्या भराभर लिहितात. आम्हीही ती वापरतो. पण आजारपणामुळे पेपर बुडालेल्या मुलाला शून्य द्यायचे, की तो विषय वगळून सरासरी काढायची? सवलतीचे गुण टक्केवारीत धरायचे का? हे आधी शिक्षकांनीच ठरवायला हवे. ते न सांगता काम सोपवले आणि यंत्राने शून्य धरले, तरी गुणपत्रिका सुबकच छापून येते. मूल नापास का झाले हे शोधायला मग हजेरीपट काढावा लागतो, तोही कोणी तक्रार केली तर.