पन्नीखालचं मूळ

रोपाची पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, उचलताना बुडाशी 'कट्' असा बारीक आवाज येतो. अशोकाचं सोटमूळ पन्नीच्या भोकातून बाहेर पडून खालच्या जमिनीत शिरलेलं असतं, ते तुटल्याचा तो आवाज. मूळ दोऱ्याएवढं बारीक असेल तर रोपाला त्याचं काही वाटत नाही. बोटाएवढं झालेलं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारीच पानं लोंबतात आणि आठवडाभर रोप हिरव्या जाळीखाली ठेवून झारीनं पाणी घालत बसावं लागतं.

म्हणून आमच्या रोपवाटिकेत दर तीन-चार महिन्यांनी सगळ्या पन्न्या जागच्या हलवायच्या, हा नेम आहे. पावसाळ्यात त्याहूनही लवकर, कारण ओल्या जमिनीत मूळ झपाट्यानं उतरतं. अख्खी रांग रिकामी करायची, गवत खुरपायचं, जागा सपाट करायची आणि पन्न्या पुन्हा मांडताना उंच मागे, ठेंगणी पुढे अशी निवड करायची. खाली प्लास्टिक अंथरलं की ही मेहनत वाचेल, असं पुष्कळजण सुचवतात. मूळ जमिनीत जाणार नाही हे खरं, पण ते पन्नीतल्या पन्नीत गोल फिरत राहतं आणि पुढे जमिनीत लावल्यावरही तो पीळ सुटत नाही. अशी झाडं काही वर्षं बरी दिसतात, मग वाऱ्यानं कलंडतात.

गिऱ्हाईक बघतं ते शेंडा. झाड सरळ आहे ना, खालपासून पानं भरलेली आहेत ना, गेटच्या दोन्ही बाजूंना जोडी शोभेल ना. त्यांचं बरोबरच आहे. पण वर्षभर न हलवलेलं झाड गाडीत चढवलं तर त्याचं अर्धं मूळ आमच्याच जमिनीत राहतं, आणि नागपूरच्या कुठल्याशा बंगल्यासमोर ते महिनाभरात वाळतं.

आमचं तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता आर्वीकडे फुटतो, एक आष्टीकडे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा ही इथली पिकं. रोपं तयार करणं या पट्ट्याला नवं नाही. वरुड तालुक्यातलं शेंदुरजना घाट तर संत्र्याच्या कलमांसाठीच ओळखलं जातं आणि जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारे हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. आमचाही संत्र्याचा बगीचा होता. डिंक्या रोगानं झाडं एकेक करून गेली, तेव्हा शोभेची सदाहरित झाडं करायचं घरात ठरलं. रोपवाटिका मात्र त्या बगिच्याच्या जागेवर घातली नाही. डिंक्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. तिथली माती पन्नीत भरणं म्हणजे रोग विकणं. बगिच्यापासून लांब, विहिरीजवळचा तुकडा त्यासाठी काढला.

मातीचं गणित इथे सगळ्यात आधी शिकावं लागतं. आमची काळी जमीन कपाशीला चांगली, पण पन्नीत तिचा दगड होतो. वाळली की ती आकसते, पन्नीच्या कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. वरून सगळं ओलं दिसतं, मधलं मूळ कोरडंच. म्हणून पोयटा माती, शेणखत आणि रेती मिसळून घ्यायची. भरताना बुडाची चार बोटं माती घट्ट दाबायची, म्हणजे पन्नी उभी राहते. वरची सैल ठेवायची, पण काठोकाठ भरायची, कारण चार पाण्यांत ती खाली बसते.

अशोकाचं बी साठवून ठेवता येत नाही. इथे म्हणतो तो रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाला उभा असणारा हिरवा अशोक. तांबूस-केशरी फुलांचा सीतेचा अशोक वेगळा, तो आमच्याकडे थोडाच असतो. हिरव्या अशोकाची फुलं फिकट हिरवी, पानांत लपलेली. लोकांना ती दिसतही नाहीत. फळं पावसाळ्यात पिकून काळीजांभळी होतात. वटवाघळं रात्री त्यांचा गर खातात आणि बिया टाकून देतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या सकाळी जुन्या झाडांखाली साफ झालेल्या बियांचा सडा पडलेला असतो. त्या वेचायच्या आणि शक्यतो त्याच दिवशी मातीत घालायच्या.

बी चांगलं की गेलेलं, हे पाहायला ओंजळीतल्या दोन-चार बिया विळ्यावर कापून बघतात. बीला उभी खाच असते, त्या खाचेच्या आडवं कापायचं. आत सुपारीसारख्या रेघा दिसतात. गर पांढरा, टणक, ओलसर असेल तर बी जिवंत. तपकिरी होऊन सालीपासून सुटलेला असेल तर टाकून द्यायचं. सुरुवातीच्या काळात मी वेचलेलं बी ओसरीवर पसरायला निघालो, तर कामावरच्या मावशी म्हणाल्या, "वाळवता कायले भाऊ? ओलं हाय तवरच मातीत जाऊ द्या त्याले." उगवायला सुमारे महिना लागतो. तोवर वाफ्यात काहीच दिसत नाही आणि नवा माणूस उकरून बघायला जातो. उकरू नये.

मग येतो आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. रांगेतली आतली रोपं एकमेकांच्या सावलीत तगतात. मरतात ती कडेची, त्यातही पश्चिमेकडची. दुपारचं ऊन काळ्या पन्नीवर पडून आतली माती भाजते आणि पानांना काही कळायच्या आत मूळ शिजतं. म्हणून फेब्रुवारीतच पश्चिमेच्या कडेला मातीचा बांध घालून तो पन्नीच्या गळ्यापर्यंत आणायचा. पाणी दिवस मावळल्यावर. जाळी मात्र कायम ठेवायची नाही. पावसाळा सरल्यावर थोडी थोडी काढत हिवाळ्यात रोपांना पूर्ण ऊन दाखवायचं. जाळीखालचं रोप उंच, पोपटी, देखणं होतं, पण त्याला इथला मे झेपत नाही. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून रोपांचे ट्रक भरून येतात. झाडं सुंदर असतात, किंमतही आमच्यापेक्षा कमी. गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेली ती झाडं वाईट नसतात. त्यांना विदर्भाचं ऊन पाहायला वेळ मिळालेला नसतो, एवढंच. आमच्या झाडानं दोन उन्हाळे काढलेले असतात आणि आम्ही जास्त पैसे मागतो ते त्या दोन उन्हाळ्यांचे.

हल्ली सगळ्यात जास्त विचारणा होते ती कोनोकार्पसची. काडी खोचली की लागतो, जनावर फारसं तोंड लावत नाही, वर्ष-दोन वर्षांत लेआउटभोवती हिरवी भिंत उभी होते. विकणाऱ्याला याहून सोपं झाड नाही. गुजरातच्या वनखात्यानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण परागकणांनी सर्दी, खोकला, दमा वाढतो आणि मुळं जमिनीखालच्या केबल व पाण्याच्या वाहिन्यांत शिरतात. आम्ही ते झाड ठेवत नाही. त्यानं गिऱ्हाईक जातं, हेही खरं. त्याऐवजी कुंपणाला कण्हेर सुचवतो. जागा मोठी असेल तर सप्तपर्णी, पण झोपायच्या खोलीपासून लांब. दिवाळीच्या सुमाराला तिच्या फुलांचा वास रात्री इतका चढतो की काहींचं डोकं दुखतं. शाळांना मोरपंखी हवीच असते, मुलं तिची पानं वह्यांत ठेवतात. माझं स्वतःचं मन बकुळीवर आहे. ती फार सावकाश वाढते, त्यामुळे तिच्यात पैसा उशिरा येतो, आणि म्हणून फार कुणी ती करत नाही.

या धंद्यात माल नासत नाही, पण थांबतही नाही. न विकलेलं झाड दर वर्षी मोठी पन्नी, नवी माती, जास्त पाणी मागतं. पन्नी बदलताना गोल फिरलेली मुळं ब्लेडनं उभी चिरावी लागतात. डोक्याएवढ्या उंचीच्या झाडाची किंमत ऐकून लोक चमकतात, तेव्हा मी त्यांना या बदललेल्या पन्न्या मोजून दाखवतो.

गाडी भरताना झाड खोडाला धरून उचलायचं नाही, पन्नीच्या बुडाला हात घालायचा; खोडाला धरलं की आतला मातीचा गोळा फुटतो. लावताना पन्नी उभी कापून पूर्ण काढायची. काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबतं, तेव्हा झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवायचं. आणि एप्रिल-मेमध्ये कुणी न्यायला आलं तर मी झाड देत नाही. पसंत केलेल्या झाडाला चिठ्ठी बांधून ठेवतो, मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की फोन करतो.