नांदेडची सहल : लेकरांना नेमकं काय दाखवायचं?



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. औंढा नागनाथ झालेलं असतं, सिद्धेश्वर धरण झालेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "यंदा नांदेडला जाऊ." शहर जवळ आहे, सकाळी निघून रात्री परत येता येतं, एसटीची शालेय सवलत मिळते. ठरतं.

माझ्या शाळेची पहिली नांदेड सहल मीच आखली होती. एसटी वेळेवर आली, जेवण चांगलं झालं, सगळी लेकरं सुखरूप घरी पोहोचली. तरीही ती सहल फसली असं मी आज सांगते. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' यावर लिहायला दिलं, तर बहुतेक वह्यांत एकच मजकूर : "आम्ही गुरुद्वारा पाहिला. तो खूप मोठा होता. आम्ही जेवलो. मी कडं घेतलं. खूप मजा आली."

यात लेकरांची चूक नव्हती. मी त्यांना इमारती दाखवल्या होत्या. त्या इमारतींशी आपलं काय नातं आहे, हे सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. गुरुद्वाराच्या दाराशी चौथीतल्या एका मुलानं माझा हात ओढून विचारलं होतं, "मॅडम, आपल्याला आत जाऊ देतेत का?" मी तीस लेकरं मोजण्याच्या गडबडीत होते. "हो हो, चल पुढं," एवढंच म्हणाले. वह्या तपासताना तो प्रश्न परत आठवला. काही दारांत काही माणसांना थांबवलं जातं, हे त्या लेकराला चौथीतच माहीत झालं होतं. त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं. पुढच्या वर्षी मी सहल नव्यानं आखली ती याच प्रश्नासाठी. ती कशी आखली, ते खाली देत आहे.

१) सुरुवात नांदेडपासून नको, नर्सीपासून करा

संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण नर्सी नामदेवला मानतो. त्यांचा जन्म १२७० चा. शिंप्याच्या घरातला हा मुलगा पंढरीचा वारकरी झाला आणि कीर्तन करत पार पंजाबात गेला. तिथं गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी त्यांचं स्थान आहे. एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरलं होतं.

शिखांचे पहिले गुरू नानकदेव १४६९ मध्ये जन्मले, म्हणजे नामदेवांच्या जवळजवळ दोनशे वर्षांनी. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये पवित्र ग्रंथ सिद्ध केला. त्यात फक्त शीख गुरूंची वाणी घेतली नाही. कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. शीख लोक त्यांना 'भगत नामदेव' म्हणतात.

औंढ्याची गोष्ट आपल्या लेकरांना पाठ असते : नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. देऊळ फिरल्याची ही कथा नामदेवांच्या ग्रंथातल्या पदातही आहे. ती पदं गुरुमुखी लिपीत आहेत, भाषा उत्तरेकडची आहे, पण मधूनच एखादा मराठी शब्द भेटतो.

सहलीच्या आदल्या आठवड्यात एवढं सांगून झालं की लेकरांच्या डोक्यात एक धागा तयार होतो. आपल्या जिल्ह्यातला माणूस उत्तरेत गेला आणि त्याचे शब्द ग्रंथात बसून गोदावरीकाठी परत आले. आता नांदेड परकं राहत नाही.

२) तख्त सचखंड श्री हजूर साहिब

नकाशा काढा. दहावे गुरू गोबिंदसिंग १६६६ मध्ये पाटण्याला जन्मले. १६९९ मध्ये त्यांनी पंजाबातल्या आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली. १७०८ मध्ये ते नांदेडला आले आणि ७ ऑक्टोबर १७०८ ला इथंच त्यांनी देह ठेवला. तीन ठिकाणं रेषेनं जोडायला लावा. केवढा प्रवास आहे, हे लेकरांना आपोआप कळतं.

जाण्याआधी त्यांनी सांगितलं की माझ्यानंतर कोणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू. म्हणून त्याला 'गुरू ग्रंथ साहिब' म्हणतात. या घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २००८ मध्ये, नांदेडला 'गुरू-ता-गद्दी' सोहळा झाला. शहरातले रुंद रस्ते आणि घाट त्या काळात झाले, हे पालकांना आठवत असेल.

आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे लाहोरचा शीख राजा, हैदराबादचा मुसलमान निजाम आणि गोदावरीकाठचं मराठी गाव, असे तिघं या एका इमारतीच्या गोष्टीत आहेत. त्या काळात पंजाबातून आलेल्या काही शिखांचे वंशज इथंच राहिले. त्यांना दखनी शीख म्हणतात. त्यांच्याशी बोला, मराठी आपल्यासारखीच बोलतात.

शिखांची तख्तं पाच : अमृतसर, आनंदपूर, दमदमा साहिब, पाटणा आणि नांदेड. पहिली तीन पंजाबात, उरलेली दोन पंजाबबाहेर. त्यातलं एक आपल्या शेजारी आहे.

लेकरांना लक्षात राहील अशी एक गोष्ट : रोज पहाटे, अंधार असतानाच, एक सेवेकरी गोदावरीवर जातो आणि घागर भरून तख्तासाठी पाणी आणतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "उन्हाळ्यात नदी आटली तर?" मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, तिथं गेल्यावर तूच विचार. तिनं खरंच विचारलं. विचारायला शिकली, माझं काम झालं.

आता लंगर. पंगतीत खाली बसून सगळ्यांनी एकच जेवण करायचं. शेजारी कोण बसलंय हे कोणी विचारत नाही, ताटाचे पैसे कोणी मागत नाही. इथं लेकरांना जेवण झाल्यावर लगेच उठवू नका. भांडी घासणारे, रोट्या लाटणारे, वाढणारे लोक बघू द्या. त्यातले कितीतरी दुसऱ्या राज्यातून येऊन हौसेनं सेवा करत असतात. आपल्या शालेय पोषण आहाराच्या पंगतीशी तुलना करायला सांगा. आपल्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं आणि का, हा प्रश्न वर्गात परत आल्यावर सावकाश बोलायचा.

३) बंदा घाट आणि नगिना घाट

नदीकाठी बरेच गुरुद्वारे आहेत. सगळे दाखवायच्या नादात लेकरं थकतात. बंदा घाट मात्र सोडू नका.

जम्मूकडच्या राजौरीत जन्मलेला एक मुलगा बैरागी झाला, माधोदास नाव घेतलं आणि गोदावरीकाठी आश्रम करून राहिला. १७०८ मध्ये त्याची गुरू गोबिंदसिंगांशी भेट झाली. तो बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात परतला, मोगलांशी लढला आणि जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. १७१६ मध्ये दिल्लीत त्याला ठार मारण्यात आलं. आपल्याकडची बरीच लेकरं सालगड्यांच्या, मजुरांच्या घरातली आहेत. 'कसणाऱ्याच्या नावावर जमीन' हे वाक्य त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

घाटावर सुरक्षेचं भान ठेवा. दहा लेकरांमागं एक मोठं माणूस, आणि पाण्याच्या पायरीवर कोणी नाही.

४) इतवारा, वजिराबाद : भाषांचा बाजार

याला कोणी प्रेक्षणीय स्थळ म्हणत नाही, पण आमच्या दुसऱ्या सहलीत लेकरं सगळ्यात जास्त बोलली ती इथल्याबद्दल. मी त्यांना एकच काम दिलं होतं : दुकानाच्या पाट्यांवर किती लिप्या दिसतात, मोजा. देवनागरी आणि इंग्रजी तर सगळ्यांना दिसली. गुरुद्वारा परिसरात गुरुमुखी, इतवाऱ्यात उर्दू. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी उर्दू वाचतात, तो त्या दिवशी अख्ख्या वर्गाचा मास्तर झाला होता. पाट्या वाचून दाखवत पुढं चालत होता. एरवी तो शेवटच्या बाकावर बसायचा.

इतक्या भाषा इथं का, याचं कारण इतिहासात आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. राज्यकारभाराची भाषा उर्दू. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातली शाळेची, जमिनीची कागदपत्रं उर्दूत सापडतात ती त्यामुळंच. दुसरीकडं देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून, म्हणून तेलुगू. कापड विणणारा पद्मशाली समाज तिकडून आला. निजामाच्या काळात इथं उस्मानशाही मिल उभी राहिली, तिनं आसपासच्या गावांतले कामगार शहरात आणले. तांड्यांवरची गोरमाटी बोलीही बाजारात ऐकू येते.

वर्गात आल्यावर फळ्यावर पाच शब्द लिहा : दप्तर, कागद, हजेरी, जिल्हा, तालुका. पाचही शब्द फारसी-अरबीतून आलेले. रोज हजेरी घेताना आपण ते बोलतो आणि ते परके वाटत नाहीत.

५) किल्ला आणि विष्णुपुरी

गोदाकाठचा नंदगिरी किल्ला छोटा आहे. अर्धा तास पुरे. 'किल्ला डोंगरावरच असतो' असं समजणाऱ्या लेकरांना भुईकोट किल्ला आणि नदीचा पहारा म्हणजे काय, ते इथं कळतं.

शहराजवळच्या विष्णुपुरीला शंकर सागर जलाशय आणि काठावर काळेश्वराचं मंदिर आहे. पाणी उपसून वरच्या शेतांना द्यायची ही मोठी उपसा सिंचन योजना आहे. नदी खाली आणि शेत वर असेल तर काय करायचं, हा पाचवीच्या लेकरांसाठी उत्तम प्रश्न आहे.

वेळ असेल तर अर्धापूर तालुक्यातल्या दाभड इथं बावरीनगरचा महाविहार पाहा. गुरुद्वारा, दर्गा, मंदिर आणि विहार, चारही ठिकाणी चप्पल बाहेर काढावी लागते. कुठं डोकं झाकायचं, कुठं नाही, कुठं बसायचं, कुठं फक्त शांत उभं राहायचं, याची नोंद लेकरांनाच करू द्या.

६) पालकांशी आधी बोला

संमतीपत्र घरी पाठवून सही मागवणं पुरेसं नाही. दुसऱ्या सहलीआधी एक आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, आम्ही मुसलमान. आमच्या पोराला तिथं कोणी काही म्हणणार नाही ना?" मी तिला पूर्ण दिवसाचा कार्यक्रम सांगितला. रुमाल बांधायचा, पाय धुवायचे, पूजा करायची सक्ती कोणावर नाही, जेवण शाकाहारी. शेख फरीद यांची वाणी त्या ग्रंथात आहे हेही सांगितलं. तिनं सही केली आणि स्वतःच्या ओढणीतून शिवलेले दोन रुमाल पाठवले, एक पोराचा आणि एक कोणी विसरलं तर म्हणून. खरंच एक जण विसरला होता.

७) सोबत न्यायचे पाच प्रश्न

- हे कोणी बांधलं आणि तो माणूस कुठून आला होता?
- इथं काम करणारं एक माणूस शोधा. त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात?
- इथला कोणता नियम आपल्या गावातल्या देवळात किंवा मशिदीत नाही?
- आपल्या जिल्ह्याचं इथं काय सापडलं?
- इथं कोणाला आत येऊ देत नाहीत?

शेवटचा प्रश्न त्या मुलाचा आहे. दुसऱ्या वर्षी तो पाचवीत होता आणि परत आमच्यासोबत आला. त्याच्या वहीतलं उत्तर असं होतं : "इथं सगळ्यांना आत येऊ देतात. आम्हाला पण दिलं, कारण नामदेव महाराज आमच्या जिल्ह्याचे आहेत."

मी लाल पेन उचलला आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मग खाली लिहिलं : "नामदेव आपले, हे अगदी बरोबर. पण बाळा, आत जायला कोणाचंच नाव सांगावं लागत नाही."

यंदा नांदेडला जाणार असाल तर स्थळं दोन कमी करा, पण हा पाचवा प्रश्न सोबत घेऊन जा.