जुन्या मालट्रकचे झिजलेले पाटे : दुरुस्ती की बदल? (विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके होत. काढणीनंतर हा शेतमाल कारंजा, वाशीम, रिसोड इत्यादी ठिकाणच्या बाजार समित्यांकडे मुख्यतः रस्त्याने जातो. या वाहतुकीतील जुन्या मालट्रकांचा सर्वाधिक ताण सोसणारा, तरीही दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे पाटे. झिजलेला पाटा दुरुस्त करावा की बदलावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व कार्य :
उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून सेंटर बोल्टने जोडल्या जातात व यू बोल्टने ॲक्सलवर आवळल्या जातात. मुख्य पाट्याची टोके पिन व शॅकलद्वारे चासीला जोडलेली असतात. पाट्याचा लवचीकपणा केवळ त्याच्या बाकावर अवलंबून नसतो. सिलिकॉन व मँगनीजयुक्त पोलाद तापवून तेलात विझविणे व पुन्हा मर्यादित तापविणे, म्हणजेच लोहारांच्या भाषेत 'पाणी देणे', या प्रक्रियेतून त्याला बळ प्राप्त होते.

झिजेची कारणे :
काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरील रस्ते उंचसखल होतात. त्यात जादा भाराची भर पडते. पाट्यांमध्ये साचलेल्या चिखलाने गंज चढून जाडी घटते. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने जाडी १० टक्के घटल्यास ताठरता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. भाराखाली बाक सरळ होताना पाट्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून तडा बहुधा तेथे सुरू होतो. यू बोल्ट सैल असल्यास सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी पाटा तुटण्याची शक्यता वाढते.

दुरुस्तीच्या मर्यादा :
बसलेला पाटा थंड अवस्थेत ठोकून बाक परत आणता येतो. परंतु थकलेल्या पोलादाचे बळ त्याने परत येत नाही व पाटा पुन्हा बसतो. तडा नसेल, जाडी शाबूत असेल आणि शास्त्रशुद्ध रीतीने पुन्हा पाणी देण्याची सोय असेल, तरच दुरुस्ती समर्थनीय ठरते. तडा गेलेला पाटा वेल्डिंगने जोडणे घातक होय, कारण जोडालगतचे पोलाद ठिसूळ होऊन तो अचानक तुटतो. मुख्य पाटा तुटल्यास ॲक्सल जागेवरून सरकून चालकाचा ताबा सुटू शकतो. जादा पाटा घातल्याने गाडी बसत नाही. मात्र ब्रेक, टायर व ॲक्सल यांची क्षमता त्यामुळे वाढत नाही.

बदलताना घ्यावयाची दक्षता :
एकाच ॲक्सलवरील दोन्ही बाजूंचे पाटे समान जाडीचे व समान बाकाचे असावेत. अन्यथा गाडी एका अंगाला कलते. बुश, पिन, सेंटर बोल्ट व यू बोल्ट सोबतच नवे बसवावेत आणि काही अंतर भारासह चालविल्यानंतर यू बोल्ट पुन्हा आवळावेत.

निष्कर्ष :
हंगामात गाडी उभी ठेवणे एकच ट्रक असलेल्या मालकास परवडत नाही. त्यामुळे त्याच दिवशी होणारी स्वस्त दुरुस्ती पत्करली जाते व धोका मात्र चालक, हमाल आणि पादचारी यांच्या वाट्याला येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. तथापि दोन तपासण्यांच्या दरम्यान जाणारा तडा त्यातून दिसत नाही. म्हणून सोयाबीनच्या काढणीपूर्वी पाटे धुऊन तपासणे, हाच सुरक्षित व अंतिमतः स्वस्त मार्ग होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांनी परिसरातील गॅरेज कारागिरांसाठी याविषयी प्रात्यक्षिके आयोजित केल्यास ज्ञानाचा समाजाला प्रत्यक्ष उपयोग होईल.