चार दिवस दुसऱ्याच्या हाती

आजीला स्मृतिभ्रंश होता. रात्री दोनला उठून ती दाराची कडी काढायची. म्हणून आई आजीच्या लुगड्याचा पदर स्वतःच्या मनगटाला बांधून झोपायची. हिसका बसला की जाग. अशी सहा वर्षं. त्यात आई एकदाही माहेरी मुक्कामाला गेली नाही. ‘लोक म्हणतील, सासूला टाकलं.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून आजारी माणूस काही दिवस दुसऱ्याच्या हाती देणं, म्हणजेच रेस्पाइट केअर, हे टाकणं नव्हे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यात ज्येष्ठांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी कायमचं टाकून देण्याचा हेतू असावा लागतो. परत न्यायची तारीख ठरवून, औषधं समजावून ठेवलेलं माणूस त्यात बसत नाही.

‘म्हणजे वृद्धाश्रमच ना?’ तसंही नाही. सकाळी सोडून संध्याकाळी आणायचं डे केअर, ब्युरोकडून आठवड्यापुरती घेतलेली चोवीस तासांची मावशी, शुश्रूषा केंद्रातला थोडा मुक्काम, हे सगळं यात येतं. रविवारी चार तास स्वतःच्या आईजवळ बसणारा दीरही येतो. त्याला पैसे लागत नाहीत, पण त्याला ‘बस’ म्हणणं बायकांना फार जड जातं.

कर्करोगाचा रुग्ण असलेल्या घरांत हॉस्पिसचं नाव काढलं की ‘आता शेवटच’ म्हणून रडारड होते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक केंद्र 1997पासून मोफत चालतं. वेदना आटोक्यात आल्यावर तिथून पुष्कळ रुग्ण घरी परततात. घरचं माणूस सोबत राहतं, पण उचलायला-पुसायला नर्सचे हात असतात.

ही सोय फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना आहे. ज्येष्ठांच्या चौकशीसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते.

मेडिक्लेमवर मात्र विसंबू नका. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित वगळणुकींमध्ये ‘रेस्पाइट केअर’ नावानिशी आहे. आंघोळ घालणं, कपडे बदलणं अशा कामांसाठी माणूस ठेवलं तर खर्च बहुधा खिशातूनच.

‘परक्या हातांत आमचं माणूस खंगेल.’ ही भीती मात्र निव्वळ गैरसमज नाही. आईचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही एका रात्रीत मावशी आणली. आजी दिवसभर जेवली नाही. तिला भात मऊ कालवून पितळी वाटीतच लागतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. मावशीची काही चूक नव्हती. नवी जागा, नवा चेहरा याने स्मृतिभ्रंशाचं माणूस गोंधळतंच. म्हणून पाठ धरायच्या, ऑपरेशन ठरायच्या आधीच सुरुवात करा: पहिल्यांदा दोन तास, मग एक दिवस, मग मुक्काम. आणि एक कागद लिहा. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, आणि ती वाटीही.

केंद्र ठरवण्याआधी जेवणाच्या वेळी एक चक्कर टाका. भरवणारी व्यक्ती खाली बसून भरवते की उभ्याने, ते बघा. रात्री किती माणसं जागी असतात, कोणी पडलं तर कुठे नेतात, हे विचारा. उत्तर देताना आढेवेढे घेतले, तर तिथून निघा.